कसब्यातली कुईका

आमच्या सोसायटीत रोज दुपारी तीन वाजता कुणीतरी कुत्र्याच्या पिल्लाचा कान पिरगाळतं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. पिल्लू नव्हतंच. तिसऱ्या मजल्यावरचे दामलेकाका कुईका वाजवत होते.

कुईका हे ब्राझीलच्या सांबा संगीतातलं ढोलवजा वाद्य. त्याच्या पोटात चामड्याला एक काडी बांधलेली असते. हात आत घालून ती ओल्या फडक्याने चोळली, की वाद्य किंचाळतं, कण्हतं, हसतं. "याला वाजवणं नाही, बोलतं करणं म्हणतात," असं काका बजावतात. कसबा पेठेत दुपारी एक ते चार कुणालाही बोलतं करणं हा गुन्हा आहे, हे मात्र त्यांना मान्य नाही.

मुलगा नोकरीसाठी साओ पावलोला गेला आणि तिकडेच लग्न करून राहिला, तेव्हापासून काकांनी त्या शहराचं वकीलपत्र घेतलंय. स्वतः कात्रजला जायचं तरी डबा बांधून घेणारा हा माणूस! जिन्यात कुणी पिचकारी मारली, की सुरू, "साओ पावलोत आख्ख्या इमारतीवर चित्रं काढतात. आपलं भिंतीवरचं साहित्य म्हणजे 'येथे थुंकू नये'." ढोलपथकाचा सराव ऐकून म्हणाले, "दणका उत्तम. पण कार्निव्हलमध्ये वाजवणाऱ्यांना मजा येते. तुमची पोरं गृहपाठ केल्यासारखी वाजवतात." तिथे म्हणे रविवारी एक उड्डाणपूल गाड्यांना बंद करून माणसांना मोकळा देतात. म्हणून आपलं पार्किंगही रविवारी नाचायला मोकळं ठेवावं, असा ठराव त्यांनी सभेत मांडला. अनुमोदक मिळाला नाही.

शेवटी कमिटीने फर्मान काढलं, कुईका संध्याकाळी वाजवा, नाहीतर बंद. काकांचं उत्तर, "वेळ बदलणार नाही." त्यांना पटवायला मला पाठवलं. मी मुद्दाम तीनलाच गेलो, रंगेहाथ पकडायला.

दार उघडंच होतं. तांब्याला टेकवून फोन ठेवलेला. पडद्यावर गणवेशातली पाच-सहा वर्षांची मुलगी हातात पाव धरून खदखदून हसत होती. ती पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारी, काका कुईकातून उत्तर देत. तिने नाक फेंदारलं, तर कुईका शिंकली. मग आईची हाक आली आणि फोन बंद झाला.

"नात," काका म्हणाले. "तिला मराठी येत नाही. माझं पोर्तुगीज सुप्रभातपाशी संपतं. आत्ता तिकडे सकाळ आहे. शाळेतून ती परत येते तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते. तुम्ही कशाला आला होतात?"

"सहज."

"दुपारी तीनला? सहज?"

काका फडकं पिळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कमिटीला सांगा, फार दिवस नाही. आणखी वर्ष-दोन वर्षांत तिला याचं हसू यायचं थांबेल. तेवढं सोसा."