मेश्राम डॉक्टरांची काळजी

मेश्राम डॉक्टरांशी हात मिळवला की तो लवकर परत मिळत नाही. आपण साधं 'काय म्हणता' म्हणून हात पुढे करावा, तर त्यांची दोन बोटं सरकत मनगटावर जाऊन बसतात, नजर छताच्या पंख्याला लागते आणि गप्पा आपल्या चालूच राहतात. मग मध्येच निकाल येतो, "आज जोरात हाये भाऊ. जिना चढून आले का भांडून आले?"

पेशानं ते भूल देणारे डॉक्टर. आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर एकटे राहतात. सोसायटीच्या मीटिंगला त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. मागे एकदा सेक्रेटरी तिथं चुकून बसले आणि लिफ्ट सोमवारी नक्की चालू होईल असं ऐटीत सांगू लागले. डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलेलंच होतं. "सोमवार म्हटल्याबरोबर सेक्रेटरीसायबाचा ठोका वाढला," त्यांनी सभेला कळवलं. लिफ्ट दिवाळीपर्यंत बंद होती.

दुसरी खोड याहून वाईट. जगातला प्रत्येक डॉक्टर 'काळजी करू नका' म्हणतो. हे म्हणतात, "काळजी करा. मी बी करून राहिलो."

हे सगळं गमतीचं होतं, आमच्या सईचं ऑपरेशन ठरेपर्यंत. सई सहा वर्षांची. तिचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. सर्जनबाई म्हणाल्या, एक स्नायू थोडा मागे सरकवून शिवायचा, छोटं काम आहे. भूल मेश्राम डॉक्टर देणार म्हटल्यावर आम्हाला बरं वाटलं, घरचाच माणूस. त्याच संध्याकाळी घरचा माणूस घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "डोळ्याचा स्नायू ओढला का कधी कधी हृदय मंद होते. लहान पोरायमंदी जास्त. क्वचित थांबते बी."

माझा कप हातातच राहिला.

"डॉक्टर, ऑपरेशन डोळ्याचं आहे ना?"

"हो."

"मग त्यात हृदय कुठून आलं?"

"ते पयलेपासूनच हाये."

माझी बायको उठून आत गेली. सासरे काटोलहून आले होते, ते पुढे सरकले. "डॉक्टरसाहेब, ओढाचा डोळा अन् थांबाचं हृदय, असं काहून?"

"डोळ्याची नस मेंदूले खबर देते. मेंदू हृदयाले म्हणते, हळू चाल."

"म्हंजे विहिरीवरची मोटर लावली का घरातला बल्ब मिणमिणते, तसं?"

"बस! मोटर बंद केली का बल्ब पुन्हा चांगला. मी बाईले म्हणीन, सोडा. थ्या सोडतीन. नाईच जमलं तर माह्याजवळ इंजेक्शन हाये."

सासऱ्यांचं समाधान झालं. त्यांनी संत्रं सोलायला घेतलं. मला मात्र जितकं समजावलं तितकं कमी समजत गेलं. "पण सईला तसं होणार नाही ना?" मी विचारलं. एक 'नाही' म्हणायला माणसाचं काय जातं? डॉक्टर पंख्याकडे बघत म्हणाले, "काळजी करा."

ऑपरेशन करायचं की रद्द करायचं, यावर आम्ही नवरा-बायको दोन दिवस भांडलो, तेही दर वेळी बाजू बदलून. शेवटी नेलं. सई डॉक्टरांचं बोट धरून हसत आत गेली. दार बंद झालं आणि मी बाहेर बसून मोटर-बल्ब, बल्ब-मोटर करत राहिलो.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. टोपी तिरपी, कपाळ घामानं भिजलेलं.

"झालं. मस्त झालं. मधात एकदा थांबलं होतं."

"काय?"

"हृदय. मी म्हटलं, सोडा. बाईनं सोडलं. मी इंजेक्शन देल्लं. परत आलं. मंग काम पुरं केलं."

भाजी महागल्यासारखं सांगत होते. या माणसाचे पाय धरावेत की गचांडी, मला कळेना. मी दोन्ही न करता रडलो.

सई आठवड्याभरात घरभर उड्या मारायला लागली. डोळा थोडा लाल, पण सरळ. सर्जनबाईंसाठी तिनं फुलांचं चित्र काढलं. मेश्राम डॉक्टरांशी मात्र कट्टी. "फुगा फुगव म्हणाले आणि घाणेरडा वास दिला!" आतलं तिला आठवत होतं ते एवढंच. डॉक्टर रोज दारात येत आणि ती "जा!" ओरडून त्यांच्या तोंडावर दार आपटे. मला लाज वाटायची. एकदा मी तिला माफी मागायला लावणार, तेवढ्यात त्यांनी मला बाहेर ओढलं. मागे दार धाडकन लागलं.

"राहू द्या भाऊ. सगळेच पोरं माह्याशी कट्टी करतात. बाईले चित्र भेटते, मले हे."

"वाईट नाही वाटत?"

"वाटते ना. पण थांबलं होतं तवा मी मनात म्हटलं, जनमभर माह्यावर राग धर वं माय, पण उठ."

आतून दार किलकिलं झालं, सईनं डॉक्टर अजून इथंच आहेत का ते पाहिलं आणि ते पुन्हा आपटलं, आधीपेक्षा जोरात. मी दचकलो. डॉक्टर मात्र जागचे हलले नाहीत. ती आणखी एकदा आपटते का, याची वाट बघत ते तिथंच उभे राहिले.