दही गेलं, लोणी आलं

"सरकार हुशार असंल, तं आपन का बैताड आहो?" उदारामने मांडीवर थाप मारून बायकोला विचारलं. भागीरथा तांदूळ निवडत राहिली. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

सत्तावन्न सालचा उन्हाळा होता. आदल्याच वर्षी राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. देवरीकडचं उदारामचं गाव मुंबई राज्यात आलं आणि त्याची सासुरवाडी, इथून निघून तिथे न्याहारी करावी इतकी जवळ, मध्य प्रदेशात राहिली. सडकेवर दोन नाके उभे राहिले. एक या राज्याचा, एक त्या राज्याचा. मध्ये एका हाकेचं अंतर. दोन्हीकडे नियम एकच: पलीकडून तूप किंवा लोणी आलं की कर! घरखर्चाला माणशी एक लोटा माफ. दुधा-दह्याला काही नाही.

आणि उदारामला तर तूप हवं होतं भरपूर. लेक चमेलीचं लग्न होतं. वरात पलीकडूनच येणार होती. व्याही टेकचंद यांनी बैठकीत हुंडा मागितला नाही, पाय धुवायला चांदीचं ताट मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "पुऱ्या मात्र शुद्ध तुपातल्या पाह्यजेत." दुधाच्या म्हशी होत्या सासुरवाडीत.

"तूप कायले आनाचं? दही आनतो! इथं घुसळू, इथंच कढवू. नाकेवाला पाह्यतच राह्यते!"

"चार बाया पाठवा ना जी, लोटा लोटा घेऊन येतीन," भागीरथा म्हणाली.

उदाराम नुसता हसला.

लग्नाच्या दिवशी पहाटेच त्याने सासुरवाडीहून दह्याच्या घागरी गाडीत भरल्या. सांडू नये म्हणून प्रत्येक घागर थोडी रिकामी ठेवली. आंबू नये म्हणून विहिरीचं गार पाणी घातलं. तोंडाला फडकं घट्ट बांधलं. सडकेवर नवीन गिट्टी पडली होती. बैल ताजे होते. गाडी अशी उधळत, आदळत निघाली, की उदारामचे दातसुद्धा एकमेकांना ओळखेनात!

मध्य प्रदेशच्या नाक्यावर नाकेदार छोटेलालने बाहेर जाणाऱ्या गाडीकडे पाहिलंही नाही. अलीकडच्या नाक्यावर ईश्वरदास कारकुनाने मात्र फडकं सोडलं.

"हे काय?"

"दही, साहेब."

ईश्वरदासने आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा त्यात नारळाएवढा पांढराशुभ्र गोळा होता.

"हे लोणी आहे."

उदारामने दुसरी घागर पाहिली. तिसरी पाहिली. सगळ्यांत गोळे तरंगत होते, तळ्यात बदकं तरंगावीत तसे.

"साहेब, निघालो तवा दही होतं! आईची आन!"

"तुम्ही काय घेऊन निघालात ते नाका विचारत नाही. काय घेऊन आलात ते विचारतो."

कराचा आकडा ऐकून उदारामला वाटलं, साहेब म्हशीच मागून राहिले. त्याने गाडी वळवली. माल परत नेऊन ठेवावा, मग भागीरथा म्हणते तसं पाहावं. हे त्याने मनातसुद्धा हळूच म्हटलं.

पलीकडे छोटेलालने बांबू खाली पाडला. "क्या है? मक्खन? बंबई राज से मक्खन ला रहे हो? टॅक्स लगेगा."

"अजी, आत्ताच तं इथून गेलो! तुमच्याच म्हशीचं आहे!"

"गया तब दही था. दही गया, मक्खन आया. माल अलग है, भाई."

इकडे जावं तरी कर, तिकडे जावं तरी कर. उदारामने गाडी मधोमध पळसाखाली सोडली. बैलांनी लगेच रवंथ सुरू केलं. त्यांच्यावर कुठल्याच राज्याचा कर नव्हता. ऊन चढलं, लोणी पाघळू लागलं. घरी मांडव सजला होता, पाहुणे आले होते, चमेलीला हळद लागली होती, आणि नवरीचा बाप दोन राज्यांच्या मध्ये घागरींवर पानं झाकत बसला होता. त्याला रडू यायला लागलं.

एवढ्यात डफड्यांचा आवाज आला. वरात! पुढच्या गाडीत टेकचंद, डोक्याला गुलाबी फेटा, मिशा पीळ दिलेल्या.

"इवाई, तुम्ही इथं काऊन? आमाले घ्यायले आले का?"

उदारामने डोळे पुसले. वरातीकडे पाहिलं. माणसं... माणसंच माणसं! माणशी एक लोटा!

"हो, हो! घ्यायलेच आलो! आन आमच्यात रीत आहे जी, वराती हातात लोनी घेऊन येतेत. शकुन असते!"

टेकचंदना ही रीत फार आवडली. वरात पायउतार झाली. पळसाच्या पानांचे द्रोण झाले. ज्याच्या-त्याच्या हातात लोटाभर लोणी. ईश्वरदासने रांग लावून डोकी मोजली, नियम पुन्हा एकदा वाचला आणि गंभीरपणे बांबू वर केला. नवरदेवसुद्धा द्रोण घेऊन गेला. उदारामने गाडीत उरलेल्या ताकाच्या घागरी घेऊन गाव गाठलं आणि मोठी कढई चुलीवर चढवायला लावली.

वरात आली. नाचत आली. पण उन्हात, डफड्यांच्या तालावर, सकाळपासून उपाशी माणसांच्या हातात ताजं लोणी किती टिकणार? थोडं कोपरांवरून ओघळलं होतं. बाकीचं कुठे गेलं ते विचारायची गरज नव्हती. द्रोण चाटूनपुसून स्वच्छ होते.

"शकुन लय चांगला होता, इवाई!" टेकचंद म्हणाले आणि त्यांनी ढेकर दिली.

पुऱ्या जवसाच्या तेलात तळल्या. दुसरं होतं काय? वरात जेवायला बसली. टेकचंदनी पुरी तोडली, हुंगली, पानात ठेवली आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाकी सारं बरं झालं जी. पन तुपाच्या बाबतीत तुम्ही हात आखडता घेतला!"

उदारामने त्यांच्या मिशांकडे पाहिलं. दोन्ही टोकं लोण्याने लखलखत होती.

"चुकलं, इवाईबुवा," तो हात जोडून म्हणाला आणि ताक वाढायला निघून गेला.