चार मजली केक आणि गॅरेजचं दार

माझ्या हातात पाना दिला की जगातली कुठलीही वस्तू सुधारते! हे मी स्वतःच सांगतो, कारण घरात दुसरं कुणी सांगायला तयार नाही. नळांच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. बावीस वर्षं झाली, माझा 'पास'चा शिक्का बसल्याशिवाय एक नळ गेटाबाहेर पडलेला नाही. सात महिन्यांपूर्वी आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आली, तेव्हा तिलाही माझ्या नजरेखालून जावं लागलं. आणि ती सपशेल नापास झाली!

जुन्या गाडीचं बरं असतं हो. इंजिनाच्या घरघरीत बाकीची सगळी खडखड झाकून जाते. ही बया मुकी, त्यामुळे आतला एकेक स्क्रू काय म्हणतो ते ऐकू येतं. डाव्या दाराच्या फटीत बोट जायचं, उजव्या दाराच्या फटीत कागद जाईना. डॅशबोर्ड कुरकुरायचा, मागची सीट कण्हायची. मी वहीत तेवीस दोष लिहून काढले आणि सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो. तिथल्या मेकॅनिकने वही शांतपणे वाचली आणि विचारलं, "साहेब, गाडी चालते ना?"

मी घरी आलो, फोमच्या पट्ट्या, रबर आणि दोन प्रकारचा डिंक आणला आणि कामाला लागलो. तीन महिन्यांत बावीस दोष घालवले! गाडीबरोबर गॅरेजच्या दाराला मोटारही मीच बसवली. आता गाडी सुरू केली, की गॅरेजचं दार आपोआप वर जातं. सोबत मोटारीची माहितीपुस्तिका आली होती. ती मी वाचली नाही. पुस्तिका वाचायची वेळ येते ती इतरांवर.

राहिला तेविसावा दोष. गाडी गॅरेजमधून मागे घेताना छतावर एकदाच 'टक्' असा आवाज यायचा. त्यासाठी मी सासऱ्यांना बोलावलं. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या चाकांवर हातोडी मारून आवाजावरून तडे ओळखले. त्यांनी मागच्या सीटवर डोळे मिटून तीन फेऱ्या केल्या आणि निकाल दिला, "जावईबापू, गाडी निर्दोष आहे. ती वरची लाल दोरी छताला लागते."

खरंच की! मोटारीपासून एक लाल दोरी लोंबत होती, खाली प्लॅस्टिकची मूठ. मी कात्री घेतली आणि कापून टाकली.

"ती कशाला असते, हे बघितलंत का?" सासऱ्यांनी विचारलं.

"शोभेला!" मी म्हणालो.

इथवर सगळं छान होतं. आता आमच्या हिच्याबद्दल सांगायला हवं. ही घरी केक करते. गाडी खरं तर तिच्यासाठीच घेतली, केक न हादरता पोचावेत म्हणून. सहा महिने ती एका मोठ्या हॉटेलच्या फोनची वाट बघत होती आणि तो एकदाचा आला. लग्नाचा चार मजली केक. शनिवारी दुपारी बाराच्या आत, उभाच्या उभा! केक जमला तर वर्षभराचं काम तिला, नाहीतर दुसऱ्या कुणाला.

चार मजली केक आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर निघणं शक्य नव्हतं. तेव्हा हिने शक्कल लढवली. मागच्या सीट पाडल्या आणि शुक्रवारी संध्याकाळी एकेक मजला नेऊन केक गाडीतच उभा केला! इलेक्ट्रिक गाडीचा एसी रात्रभर चालतो, धूर नाही की आवाज नाही. प्लग लावला की गाडीचा फ्रीज होतो. काम झाल्यावर ही माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "अहो, आज कशालाही हात लावू नका. कशालाही!"

"छे! मी कशाला लावतोय?" मी म्हणालो.

ही आंघोळीला गेली. मी केकभोवती एक फेरी मारली. माझा जीव थाऱ्यावर राहीना. गॅरेजच्या दाराखालून धूळ येत होती. केकवर धूळ! मी दाराच्या खालच्या कडेला जाड रबराची पट्टी चिकटवली आणि दार खाली आणलं. मग डिकीचं झाकण किंचित हलतंय असं वाटलं. तिथेही एक पट्टी लावली आणि झाकण अंगाचा भार टाकून बंद केलं. 'कट्' असा काय सुरेख आवाज आला म्हणता! मनातल्या मनात मी शिक्का मारला.

शनिवारी पावणेअकराला ही, सासरे आणि मी असे आम्ही तिघं गॅरेजमध्ये उतरलो. हॉटेल अर्ध्या तासावर, म्हणजे वेळ भरपूर. हिने डिकी उघडून केक पाहिला. पांढराशुभ्र, ताठ, एक फूल हललेलं नाही. तिचे डोळे चमकले. मग तिने डिकी बंद करायचं बटण दाबलं. झाकण खाली आलं, पट्टीला टेकलं, 'अडथळा आहे' असं समजलं आणि पुन्हा वर गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर!

"अहो," ही म्हणाली, "इथे ही काळी पट्टी कसली?"

"आधी गॅरेजचं दार तर उघडू!" मी विषय बदलला आणि गाडी सुरू केली.

मोटार घुरघुरली. दार थरथरलं, पण जागचं हललं नाही. मी बटण दाबलं, रिमोट दाबला, दाराला लाथ मारली. सासरे खाली वाकले आणि त्यांनी बोटाने कड चाचपली. "जावईबापू, दार फरशीला चिकटलंय."

डिंकाच्या ट्यूबवर 'चोवीस तास दाब देऊ नये' असं लिहिलं होतं म्हणे. म्हणे, कारण ते मी आत्ता वाचत होतो.

"मोटार तोडते की काय स्वतःला!" सासरे म्हणाले. "आधी दार मोटारीपासून सोडवा. त्याला एक दोरी असते. लाल." मग तेच थांबले आणि वर बघू लागले. आम्ही तिघंही वर बघू लागलो. वर दोरीचं वीतभर टोक लोंबत होतं.

"दोरी कुठे गेली?" हिने विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फार मोठ्या मनाचा माणूस!

शिडी लावायला जागा नव्हती, म्हणून गाडी बंद करून, बूट काढून मी तिच्या काचेच्या छतावर चढलो. "केक! खाली केक आहे!" ही ओरडत होती. मी पकडीने दोरीचं टोक धरून ओढलं. खटका सुटला. मी विजयाने खाली पाहिलं, आणि नेमकी त्याच वेळी एसी चालू आहे ना हे बघायला हिने गाडीचं बटण दाबलं. गाडी सुरू झाली म्हणजे दार उघडायचं, एवढंच त्या मोटारीला ठाऊक! साखळी धावू लागली. तिच्यावरचा हूक माझ्या शर्टाच्या बाहीत अडकला आणि मी पोटावर पडून छतावरून सरकू लागलो.

"बंद कर! अगं, बंद कर!"

"काय बंद करू? एसी?"

"मला!"

काचेतून खाली माझं तोंड दिसत होतं आणि आतून केकवरची साखरेची नवरानवरी वर बघत होती. शेवटी शर्टाची बाही टरकली, ती हुकाबरोबर पुढे गेली आणि मी गाडीच्या बॉनेटवरून जमिनीवर आलो. सव्वाअकरा!

हिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सहा महिने," ती एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या हातांची लाज वाटली.

सासऱ्यांनी मात्र हातोडी घेतली. दाराच्या खालच्या कडेवर ते ठोकत चालले. ठण्, ठण्, ठण्, ठप्प. "इथून इथपर्यंत. बाकी मोकळं आहे." हिने डोळे पुसले, क्रीम पसरायची लांब सुरी आणली, फरशीवर आडवी झाली आणि रबराखालून ती सुरी अशी फिरवली, की पाहत राहावं! दार सुटलं आणि स्प्रिंगच्या जोराने धाडकन वर गेलं. आम्ही तिघांनी केककडे पाहिलं. केक उभा होता. अकरा पंचवीस.

आता डिकी. पट्टी निघेना. आणि डिकी उघडी ठेवून केक न्यायचा म्हणजे तो रस्त्याला वाहायचा. मी डिकीत शिरलो. केकखालची पाटी आणि डिकीची कड यांच्यामध्ये एका कुशीवर झोपलो आणि झाकण आतून दोन्ही हातांनी ओढून धरलं. सासरे पुढे बसले, ही चालवू लागली.

तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. गाडी 'डिकी उघडी, डिकी उघडी' असं पिंपिं करत होती. प्रत्येक वळणावर केक माझ्याकडे यायचा आणि मी पोट आत घ्यायचो. माझं पोट किती आत जातं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एका गतिरोधकावर खालचा मजला माझ्या कानाला लागला. थंड, गोड आणि भयंकर! "अहो, ठीक आहे ना?" ही पुढून विचारत होती. मी "हो" म्हणालो. ती केकबद्दल विचारत होती, हे मला माहीत होतं.

बाराला तीन मिनिटं कमी असताना आम्ही हॉटेलच्या मागच्या दाराशी पोचलो. मी हात सोडले आणि डिकी आपोआप उघडली. समोर उंच टोपीतला मुख्य आचारी आणि त्याची चार माणसं. केक अगदी ताठ! फक्त खालच्या मजल्यावर एका माणसाच्या कानाचा हुबेहूब ठसा. हिने पापणी न लववता पिशवीतून क्रीमचं एक मोठं फूल काढलं आणि ठशावर बसवलं.

आचाऱ्याने केकभोवती फेरी मारली. माझ्यासारखाच सावकाश, माझ्यासारखाच नाकावरून बघत. मग तो म्हणाला, "उत्तम. वर्षभराचं काम तुमचं." हिने सासऱ्यांचा हात घट्ट धरला. मलाही हुंदका आला, पण मी अजून डिकीतच आडवा होतो.

"आणि हा?" आचाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. एक बाही नाही, केसांत फोम, कानात क्रीम, पायात बूट नाहीत.

हिने माझ्याकडे नीट पाहिलं. "पोचवायला येतो," ती म्हणाली.

"माणूस बदला," आचारी म्हणाला.

"बघते," ही म्हणाली.

त्याला आता तीन महिने झाले. दर शनिवारी केक जातो, गाडी ही चालवते, सासरे पुढे बसतात. मी मागे पाटी धरून बसतो आणि वाटेत कशालाही हात लावत नाही. मध्येच एकदा मी विचारलं, "त्या आचाऱ्याला तू 'बघते' म्हणालीस, ते उगाचच ना?"

ती अजून बघतेय म्हणाली.