दिसतंय का हो काका?

खिडक्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! ब्लाइंड्स लावायचे की शटर, हा प्रश्न मी चहा निवायच्या आत निकालात काढणार होते. ब्लाइंड्स! दोरी ओढली की पट्ट्या खाली, विषय संपला. पण नवऱ्याला हवं होतं शटर. दुकानाचं नव्हे हो, फटीफटींच्या लाकडी झडपा, त्या आतून लावायच्या. "लाकूड ते लाकूड!" म्हणे. घरातला साधा खिळा कधी ठोकला नाही यानं!

आणि हे सगळं कशासाठी? तर समोरच्या काकांसाठी. रिटायर झाल्यापासून काका खिडकीतच मुक्कामाला असतात. मध्ये गल्ली एवढीशी. "सूनबाई, गॅस बारीक कर!" "आज केस नाही विंचरलेस?" परवा मी नवऱ्याशी कडाक्याचं भांडत होते, तर समोरून निकाल आला, "चूक तुझीच आहे गं!" अहो, स्वतःच्या घरात धड भांडूही नये माणसानं? डोकंच फिरलं माझं.

फिटिंगवाला दोन्हींचे नमुने घेऊन आला. एका खिडकीला हे लावलं, दुसरीला ते.

"आता समोरून बघायला कोणीतरी पाहिजे," तो म्हणाला. "म्हणजे कशातून आतलं दिसतं ते कळेल."

नवऱ्यानं लगेच खिडकीतून हाक मारली, "काका, जरा बघता का?"

"अरे, कोणाला सांगतोयस!" मी किंचाळले.

"त्यांच्याइतका अनुभव कोणाला आहे?"

काकांना काय, तेच हवं होतं! "सूनबाई, ब्लाइंड्समागे उभी राहा. हात हलव. दिसला! आता शटरमागे. हलवतेयस ना? छे, काही दिसत नाही!" मी वेड्यासारखी या खिडकीकडून त्या खिडकीकडे पळत होते आणि खाली गल्ली हसत होती. शेवटी शटर जिंकलं. नवरा असा काही मिरवायला लागला की विचारू नका!

सगळ्या खिडक्यांना शटर लागलं. काय ती शांतता! मी घरभर गात फिरले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात काका! "तिथून काही कळेना गं. काळजी वाटली." सरळ आत आले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि शटरची फट किलकिली केली. "अरे वा! इथून आमचं घर काय छान दिसतं! ही बघ, तुझी काकू, अजून लोळतेय!" आणि तिथूनच ओरडले, "अगं, ऊठ!"

मग रोजच यायला लागले. मी म्हटलं, बसू देत बापडे, निदान पाठ तरी माझ्याकडे असते.

मग काकूंचा फोन आला. "तुझ्या फिटिंगवाल्याचा नंबर दे गं." मी बावळट, दिला!

आज सकाळी काकांनी फट उघडली. बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. समोर काकूंच्या खिडकीला शटर, कडेकोट बंद!

काकांनी मोठा उसासा टाकला, खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे तोंड करून बसले.

"हं, सूनबाई, आज काय काय करायचंय आपल्याला?"