जावयाचा घटनासंग्रह

कोणतीही वस्तू आज कशी आहे हे सांगणे उथळपणाचे असून, ती तशी कशी होत गेली हे सांगणे शास्त्रशुद्ध होय. पुण्याच्या कंपनीचे काम कळंबमधून, घरी बसून करणाऱ्या शौनकने या सत्याला आपले सर्व रविवार वाहिले होते. रुबी नावाच्या संगणकभाषेत तो एक लायब्ररी, म्हणजे इतरांनी आयता वापरायचा कोड, लिहीत होता. तिच्यात वस्तूची सद्यःस्थिती साठवली जात नसे. वस्तूच्या बाबतीत घडलेली प्रत्येक घटना क्रमाने साठवली जाई. स्थिती हवी असल्यास पहिल्या घटनेपासून सगळे पुन्हा चालवून पाहावे. लिहिलेली घटना खोडता येत नसे. चूक झालीच, तर दुरुस्तीची नवी घटना शेवटी जोडावी. (वापरकर्ते एकूण दोन. दुसराही शौनकच, पासवर्ड विसरल्यामुळे.)

जाणकार अशा रचनेत मधूनमधून सद्यःस्थितीचा गोषवारा काढून ठेवतात, म्हणजे दर वेळी मूळ पुरुषापासून सुरुवात करावी लागत नाही. शौनकने गोषवारा नाकारला. गोषवारा म्हणजे ऐकीव गोष्ट, असे त्याचे मत होते. आणि मत बदलण्याची सोय त्याने स्वतःतही ठेवलेली नव्हती.

चाचणीसाठी दीर्घायुषी आणि गुंतागुंतीची वस्तू लागते. त्याने सासुरवाडी निवडली. साखरपुड्यापासूनच्या घटना आठवून भरल्या.

मागच्या धोंड्याच्या महिन्यात मुरुमला जावयाचा मान घेताना त्याने पाटावरूनच ऑफिसचा फोन उचलला होता, आणि सासूबाई तुपाची धार धरून उभ्या असताना हाताने त्यांना थांबण्याची खूण केली होती. सासरे राघवेंद्र गुरुजी, निवृत्त शिक्षक, तेव्हापासून त्याच्याशी फक्त हवामानावर बोलत. तीन वर्षांनी अधिक महिना पुन्हा आला. पत्नी वैदेही आधीच माहेरी निघाली.

"अण्णांची एका वाक्यात माफी मागा, मगच मी परत येईन," ती म्हणाली. "एका वाक्यात. कळलं का?"

शौनक लॅपटॉप घेऊन गेला.

पाटाभोवती रांगोळी होती, ताटात पुरणाचे धोंडे होते. गुरुजींनीच वाट सोपी करून दिली.

"जावईबापू, झालं गेलं तुळजाभवानीच्या पायाशी. तुमच्या मनात आता काही नाही ना?"

उत्तर एका शब्दाचे होते. (विज्ञान अशी उत्तरे पुराव्याविना स्वीकारत नाही.)

"बघून सांगतो," असे म्हणून शौनकने पहिल्या घटनेपासून सुरुवात केली. साखरपुडा: गुरुजींनी मुलाची उंची दोनदा विचारली. लग्न: मठ्ठा पातळ असल्याचे वराने मित्रास सांगितले.

सासूबाईंची तुपाची वाटी हवेत थांबली. "मठ्ठा पातळ होता?"

"आचाऱ्याचा. तुमचा नव्हे."

"आचारी बंडप्पा होता. माझ्या माहेरचा, आळंदचा."

"ते नोंदलेलं नव्हतं. आता जोडतो," शौनक कृतज्ञतेने म्हणाला.

मेहुणा वरद सरकून पुढे आला. "दाजी, माझं बी काही हाय का त्यात?"

"बारा घटना."

"बारा? म्या केलं तरी काय?"

"अहो, मिटा ते आधी!" वैदेही म्हणाली. "मठ्ठ्याचं इथं कुणाला माहीतसुद्धा नव्हतं."

"म्हणून तर साठवलंय."

माफीची घटना क्रमाने सर्वांत शेवटी होती. तिथवर पोचेपर्यंत पुरण गार झाले आणि भर उन्हाळ्यात तूप थिजले.

गुरुजी उठले. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "ढग आलेत जरा."

शौनक एकटाच एसटीने परतला. तुळजापूर येईतो त्याने लायब्ररीत गोषवाऱ्याची सोय लिहून पूर्ण केली. मुरुमच्या घरात ती त्याआधीच बसली होती: जावई असलेच आहेत. तीन शब्द, तपशील शून्य, वेग उत्तम. वैदेही अजून मुरुमलाच आहे.

वाचकांनी हसण्यापूर्वी एक छोटी चाचणी करावी. ज्याच्या दारात तुम्ही पाऊल टाकत नाही, असा एक नातेवाईक डोळ्यांसमोर आणावा. आता कारण सांगावे, पहिल्या घटनेपासून.

आठवत नाही ना? आणि तरी जाणार नाहीच ना? शौनकपाशी निदान मठ्ठा तरी आहे.