तापलेल्या घोड्याला पाणी नाही

उन्हाळ्यात गाडीचं इंजिन थंड कसं ठेवायचं, हे आमच्या शेराबादच्या मुलुखात फक्त एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी, जोराकुल! हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. म्हणजे मी गावाला सांगितलं, आणि गावाने मान डोलावली.

माझी मोटरसायकल साधीसुधी नाही. डांबरावर पळते, तशीच वाळूतही पळते. एक परदेशी पाहुणा तिच्यावरून जग बघायला निघाला होता. तो ऐन चिल्ल्यात, म्हणजे उन्हाळ्याचे ते चाळीस दिवस आम्हीसुद्धा सावलीला चिकटून काढतो तेव्हा, आमच्या गावात पोचला, तुतीच्या झाडाखाली आडवा झाला आणि गाडी मला देऊन विमानाने घरी गेला. बघा, माणूस तापला, गाडी नाही!

यातलं गुपित अगदी साधं आहे. रेडिएटरला समोरून वारा मिळाला पाहिजे. त्याच्या जाळीत चिखल नको, गवत नको, पुढे काही आडवं नको. बस! एवढं सांभाळलं की इंजिन कलिंगडासारखं गार. हे मी चहाखान्यात इतक्या वेळा सांगितलंय, की मी तोंड उघडलं की लोक कप उचलून दुसऱ्या बाकावर जातात.

तर त्या दिवशी हुल्कारच्या घरी नान मोडायची होती. दोन्हीकडच्या माणसांसमोर आमच्या घरच्या वडीलधाऱ्याने नान मोडली की लग्न पक्कं. हुल्कार दवाखान्यात इंजेक्शनं देते. तिला बघायला मिळावं म्हणून मी इतकी इंजेक्शनं टोचून घेतली होती, की आता मला कुठला रोग होणं शक्यच नाही. मला ती हवी होती, आणि तिलाही मी चालणार होतो. निदान "आता दुसरा दंड पुढे करा" हे ती फार प्रेमाने म्हणायची.

अडचण तिच्या वडिलांची. नोरकाबिलअकांनी निरोप धाडला होता, "एशमुरादबाबा स्वतः नान मोडायला येणार असतील तर या. आणि पुलावाच्या देगेचं झाकण उघडायच्या आत या. त्याच दिवशी तेर्मेझहून त्या दातांच्या डॉक्टरची मावशीही येणार आहे. आली तर तिला मी हाकलून देणार नाही."

मावशी! ती नुसती येणार नव्हती. भाच्यासाठी बोचक्यात आपली नान बांधून येणार होती!

एशमुरादबाबा हे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. कोपकारी खेळणारे घोडे तयार करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. बकऱ्याच्या धडासाठी शेकडो स्वार एकमेकांवर तुटून पडतात, त्या गर्दीतून बाबांनी तयार केलेला घोडा बरोबर बाहेर निघायचा. नोरकाबिलअका स्वतः घोड्यांचे वेडे, म्हणून बाबांचा एवढा मान.

आई, मावश्या आणि मिठाईची ताटं भल्या पहाटे मामाच्या मोटारीतून लांबच्या रस्त्याने गेली. बाबांनी मोटारीत बसायला साफ नकार दिला.

"त्या गाडीत गार वारा सोडतात," बाबा म्हणाले. "पाठ धरते. मी जोराकुलच्या घोड्यावर येतो."

"बाबा, ऊन फार आहे हो!" आई म्हणाली.

"उन्हाने कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. गार वाऱ्याने आडवे झालेले पुष्कळ पाहिलेत."

आईने मग व्याह्यांना द्यायचा नवा अंगरखा बाबांच्या हाती दिला. जाड, कापूस भरलेला, निळ्या-जांभळ्या पट्ट्यांचा. तो व्याह्यांच्या खांद्यावर बाबांनीच घालायचा होता. "जिवापाड जपा हं," आई म्हणाली. बाबांनी छातीवर हात ठेवला.

आम्हीही पहाटेच निघणार होतो. पण बाबांना निघण्याआधी चहा लागतो. चहानंतर शेजाऱ्याची विचारपूस लागते. शेजाऱ्याकडे पुन्हा चहा लागतो. आम्ही गावाबाहेर पडलो तेव्हा सूर्य डोक्यावर येऊन आमची वाटच बघत होता!

तरी मी निश्चिंत होतो. वाळूच्या ओढ्यातून पहिल्या गिअरमध्ये जाताना तापमानाचा काटा थोडा वर चढला. चढणारच! पुढे मोकळा रस्ता लागला की वारा मिळणार आणि उतरणार. पण ओढ्यापलीकडच्या चहाखान्यापाशी बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चहा!

उतरल्यावर बाबांनी इंजिनाजवळ तळहात नेला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"घोडा तापलाय."

"थोडासाच, बाबा. आता वारा लागला की थंड होईल."

"वारा?" बाबा दचकलेच. "घामेजलेल्या घोड्याला वारा? अरे, आखडेल तो! कोणी शिकवलं तुला?"

मी हसलो. म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा! "तुम्ही म्हणता तसं, बाबा," म्हणालो आणि चहा आणायला आत गेलो.

माझं आयुष्य तिथे, त्या चहाच्या किटलीपाशी घसरलं. पण ते मला फार उशिरा कळलं.

आत असतानाच आईचा फोन आला. "अरे, कुठे आहेस? इथे व्याह्यांची पाठ धरलीय! काल दातवाला त्यांना आपल्या मोटारीतून तेर्मेझ दाखवायला घेऊन गेला होता. गार वारा सोडून! तेव्हापासून वाकले ते वाकलेच. चिडचिड करतायत. पण मोटारीचं कौतुकही करतायत. मावशी आलीय. लवकर ये!"

चहा घशात ओतून आम्ही निघालो. मोकळा, सरळ रस्ता. समोरून वारा. अशा रस्त्यावर काटा खाली यायला हवा. तो वर निघाला! मी वेग वाढवला. काटा आणखी वर! पंखा ओरडायला लागला, लाल दिवा पेटला, आणि माझ्या गुडघ्यांना तंदूरच्या तोंडाशी बसल्यासारखी धग लागायला लागली.

"बाबा, काहीतरी बिघडलंय!"

"काही नाही. घाम काढतोय. चांगलं लक्षण आहे!"

खरबुजाच्या मळ्यापाशी मी गाडी थांबवली. इंजिनातून सूं सूं आवाज येत होता. बाबा खाली उतरले आणि थेट पुढच्या चाकासमोर फतकल मारून बसले, आपल्या अंगातल्या अंगरख्याचा घेर चहूकडे पसरून. मला खरं म्हणजे रेडिएटरची जाळी बघायची होती. पण वडीलधाऱ्या माणसाला 'ऊठ, बाजूला हो' म्हणायचं कसं? शिवाय बघायचं तरी काय? जाळी मी सकाळीच दात घासायच्या ब्रशने घासली होती. आजार नक्की आत होता. पंप गेला असेल. किंवा आतली झडप अडकली असेल. किंवा त्याहून भयंकर काही, ज्याचं नाव घ्यायचीही मला भीती वाटत होती.

"आधी पाणी घालू," मी म्हणालो आणि मागे बांधलेला डबा काढला. डबा रिकामा!

"पाणी कुठे गेलं?"

"चहाखान्यातल्या गाढवाला पाजलं," बाबा शांतपणे म्हणाले.

"गाढवाला?"

"गाढव तापलं नव्हतं. त्याला चालतं. तापलेल्या घोड्याला पाणी पाजलं तर तो जागेवर बसेल. मग घेऊन जाशील का हुल्कारकडे पाठीवर?"

मळ्याचा मालक खोलमतअका किटली घेऊन आला. मी ती किटली त्याच्या हातातून घेतली, इंजिन निवायची वाट पाहिली, बाजूने हात घालून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि चहा आत ओतायला लागलो. पत्ती आत जाऊ नये म्हणून डोक्यावरची टोपी गाळणी म्हणून धरली.

"कोणता चहा आहे?" बाबांनी काळजीने विचारलं.

"हिरवा," खोलमतअका म्हणाला.

"मग हरकत नाही. हिरवा थंड. काळा असता तर उष्ण पडला असता."

"खरंय," खोलमतअका म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने ट्रॅक्टरला काळा घातला होता. अजून उभा आहे."

"ट्रॅक्टर?"

"नाही, मेव्हणा. ट्रॅक्टर विकला."

गाडी सुरू झाली. आणि पहिली टेकडी चढेपर्यंत पुन्हा लाल दिवा! आता वाफेला चहाचा सुंदर वास येत होता. मी थांबलो. मला रडू यायचं बाकी होतं. पलीकडे हुल्कारच्या गावातली चिनारची झाडं दिसत होती, आणि त्यांच्यावर धुराची एक रेघ. देग चुलीवर चढली होती.

"आता त्याला चालव," बाबा म्हणाले.

"चालतच नाही ना, बाबा!"

"बसून नव्हे. हाताने चालव. तापलेल्या घोड्यावर बसत नाहीत, हातात लगाम धरून फिरवतात."

झालं! त्या रणरणत्या उन्हात, लग्नाचे नवे कपडे घालून, मी ती अगडबंब गाडी ढकलायला लागलो. बाबा शेजारून चालत होते, एक हात हँडलवर, आणि गाडीला गोंजारत होते. "शाब्बास, राजा! हळू, हळू! आता थोडंच!" मला कुणी शाब्बास म्हणत नव्हतं. मध्येच एक ट्रकवाला थांबला आणि म्हणाला, "बाबा, मुलाला पाणी पाजा हो!" बाबा म्हणाले, "तोही तापलाय. त्यालाही नको."

एवढ्यात फोन वाजला. हुल्कार! ती कुजबुजत होती.

"कुठे आहात? मावशीने बोचकं सोडलंय!"

"नान काढली?"

"एक कोपरा दिसतोय! आणि आचारी झाकणाकडे चाललाय. आता आला नाहीत ना, तर पुढच्या वेळी सगळ्यात जाड सुई वापरीन!"

मग मी काही बघितलं नाही. काटा, दिवा, घोडा, गाढव, काही नाही! बाबांना उचलून मागे बसवलं आणि गाडी अशी पिटाळली की टेकडीवरच्या मेंढ्या जागा सोडून पळाल्या. वाफेचा ढग घेऊन, शिट्टी वाजवत, चहाचा वास सोडत आम्ही नोरकाबिलअकांच्या दारात शिरलो. तिथे गाडीने एक मोठी उचकी दिली आणि बंद पडली.

सगळं अंगण दारात जमा झालं. आचारी झाकणाला हात लावून उभा. मावशीच्या हातात नान, अर्धी बोचक्यात, अर्धी बाहेर. नोरकाबिलअका काटकोनात वाकलेले, आमचे फक्त बूट बघू शकत होते.

"आलात?" ते बुटांना म्हणाले. "वेळेची किंमत नाही वाटतं तुमच्याकडे? डॉक्टरची मोटार बघा, आवाज नाही की धूर नाही!"

"मोटार तर मोटार, आतला वारासुद्धा गार!" मावशीने री ओढली.

आईने घाईघाईने मध्ये तोंड घातलं. "आधी मानपान होऊ दे! बाबा, व्याह्यांचा अंगरखा कुठाय?"

बाबांनी छातीवर हात ठेवला. शांतपणे वळले. गाडीसमोर वाकले. कमरेला बांधायचा आपला फडका त्यांनी रेडिएटरवरून सोडला, आणि त्याखालून निळ्या-जांभळ्या पट्ट्यांचा, कापूस भरलेला, जाडजूड अंगरखा बाहेर काढला!

माझ्या पायांखालची जमीन सरकली. पंप ठीक होता! झडप ठीक होती! चहाखान्यापासून मी माझ्या गाडीला रजई पांघरून वाळवंटात पळवत होतो!

"बाबा!" माझा आवाज फाटला. "हे... हे तुम्ही..."

"मग? तापलेलं जनावर उघडं ठेवू?"

"मला सांगायचं तरी!"

"तूच म्हणालास, तुम्ही म्हणता तसं. आणि कापूस नवा होता. जिवापाड जपला."

अंगरख्याच्या पाठीवर जाळीची अख्खी नक्षी उमटली होती. खिशाच्या जागी चहाची पत्ती. कॉलरवर दोन टोळ. आईने तोंडावर पदर घेतला. मावशीची नान पूर्ण बोचक्याबाहेर आली. आता संपलंच, असं मला वाटलं. पुढे आयुष्यभर मी लोकांना इंजिनं थंड कशी ठेवायची ते शिकवणार आणि हुल्कार दातांच्या डॉक्टरकडे बसून हसणार!

कुणी अडवायच्या आत बाबांनी तो धगधगता अंगरखा नोरकाबिलअकांच्या वाकलेल्या पाठीवर घातला.

"आई गं!" नोरकाबिलअका किंचाळले.



"आई... गं..." ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी आवाज वेगळाच होता. डोळे मिटलेले. "अहाहा! जरा खाली सरकवा. अजून खाली. हां! तिथेच!" आणि सगळ्यांच्या देखत तो काटकोन हळूहळू उघडायला लागला. त्यांनी आमचे बूट पाहिले, गुडघे पाहिले, कमरेचे पट्टे पाहिले, आणि अखेर थेट बाबांच्या डोळ्यांत पाहिलं. पाठीतून कट्ट असा आवाज आला. ते सरळ उभे होते!

"एशमुरादबाबा," ते गहिवरून म्हणाले, "त्या दातवाल्याने माझी पाठ गारठवून ठेवली, आणि तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लांबून ऊब घेऊन आलात? रस्ताभर गरम ठेवून?"

"तापलेलं जनावर कसं राखायचं ते आम्हाला कळतं," बाबा म्हणाले.

"नान आणा!" नोरकाबिलअका गरजले. मावशीने आपली पुढे केली. "ती नाही हो, यांची!" बाबांनी आमची नान मोडली, आचाऱ्याने झाकण उघडलं, आणि खिडकीच्या पडद्याआड कुणीतरी इतकं हसलं की मला सगळी इंजेक्शनं वसूल झाल्यासारखी वाटली.

शरदात आमचं लग्न झालं. सगळं छान आहे. फक्त सासऱ्यांची पाठ अधूनमधून धरते, आणि तिला दुसरं कुठलंही औषध चालत नाही. शेकायची पिशवी नको, मलम नको, मुलीच्या हातचं इंजेक्शन तर नकोच. गाडीवरूनच उतरलेला अंगरखा पाहिजे!

त्यामुळे सध्या, या चिल्ल्याच्या भर दुपारी, मी अंगणात गाडीला तो अंगरखा नीट गुंडाळून, तोंड बंद ठेवून इंजिन चालवत बसलोय. वारा लागू नये म्हणून समोर सतरंजीही धरलीय. गाव कुंपणावरून बघतं आणि विचारतं, "काय जोराकुल, इंजिन थंड कसं ठेवायचं म्हणालास?"

मी सतरंजी आणखी घट्ट धरतो. कारण आतून सासरे ओरडत असतात, "जावईबापू, तापलं का?"