दहा मिनिटे पुढे चाललेल्या राज्याची हकिकत

श्रीकालपुरुषाचे स्मरण करून, सांगावयास मान खाली जाते तरी सांगणे प्राप्त, ऐसी ही हकिकत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी एका राज्यात ऐसे वर्तले की, महाराज उशिरा उठत, सबब राणीसाहेब गजराबाई यांनी महालातील घड्याळ दहा मिनिटे पुढे करून ठेविले होते, आणि महाराजांस ते ठाऊक असूनही ते नित्य फसत, आणि उभयता हसत. मग बाईसाहेब ज्वराने निवर्तल्या.

त्या समयी राज्यातील समस्त संगणक इंटरनेटच्या वाटेने दूरदेशीच्या वेळेच्या सर्व्हरास पुसत, "वेळ काय झाली?" आणि उत्तर वाटेत जितके रेंगाळले तितके हिशेबी धरून आपले घड्याळ मिळवून घेत. महालाचे घड्याळही संगणकाचेच, परंतु बाईसाहेबांनी त्याचे पुसणे बंद करून ठेविले होते. ते पुन्हा कधी पुसेल तर बाईसाहेबांची दहा मिनिटे जातील, या धास्तीने महाराजांनी हुकूम केला, "बाहेर पुसणे बंद. सर्वांनी महालास पुसावे." घड्याळांचे कारभारी विसोबा म्हणाले, "महाराज, सारे राज्य चुकेल." महाराज म्हणाले, "सारेच चुकले तर चुकले म्हणणार कोण?" आणि विसोबांनी हुकूम बजाविला, आणि आम्ही दरबारी मंडळींनी माना डोलाविल्या.

मग परिचारिकांच्या शाळेचे अर्ज निघाले. मुदत पाचपर्यंत. शेवंता नामे मुलगी घाट उतरून कचेरीत आली आणि अर्ज भरू लागली, तो संगणक म्हणे मुदत संपली. तिच्या फोनात शेजारच्या राज्याचे सिम होते. त्यात पाच वाजावयाचे होते. कारकून म्हणाला, "इथं महालाची वेळ चालते, बाई. पुढच्या साली या." ती म्हणाली, "पुढच्या साली माझं लगीन लावून देतील," आणि तशीच दरबारात शिरून तिने फोन महाराजांपुढे धरला.

महाराज म्हणाले, "ही आमच्या राणीची वेळ आहे."

बाईसाहेबांची युक्ती राज्यात कोणास ठाऊक नव्हती? शेवंता म्हणाली, "त्यांनी घड्याळ तुमास्नी उठवाया पुढं केलं हुतं, महाराज. मला दारातनं हाकलाया न्हवं."

दरबारात कोणी वर पाहीना. महाराजांचे तोंड उतरले. मग त्यांनी तिचा अर्ज घेवविला आणि विसोबांस म्हणाले, "बाहेर पुसा." विसोबा म्हणाले, "घड्याळ एकदम मागे नेले तर वाजून गेलेली मिनिटे पुन्हा वाजतील आणि नोंदींचा घोळ होईल. जरा मंद चालवू. खरी वेळ मागून येऊन गाठील." आणि ती गाठीपर्यंत महाराज घड्याळासमोर बसून राहिले.

सारांश, राज्याची वेळ खरी झाली. दुसरे दिवशी महाराज दरबारास उशिरा आले. सर्व उभे होते. महाराजांनी माफी मागितली आणि म्हणाले, "आम्हांस उठविणारे आता कोणी नाही." हे त्यांनी प्रथमच तोंडाने सांगितले.